लपण्याचा हक्क कुणाचा?

लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं तो डोळे मिटून आकडे मोजतो आणि बाकीचे पळतात. या खेळाचं नियमपुस्तक कुणी छापलं नाही, कारण दिसला तो दिसला. भांडण झालंच तर ‘तू बोटांच्या फटीतून बघत होतास’ एवढ्यावरच. आता असा खेळ डोळ्यांसमोर आणा, ज्यात सगळे एकाच टेबलाभोवती बसलेत, कुणी जागचं हलत नाही, आणि तरीही एकाला लपायचं आहे. तो म्हणतो, “मी खांबाआड लपलो.” पण पहारेकऱ्याला तो दिसला की नाही, हे ठरवायचं कुणी? फँटसी रोलप्लेइंग खेळांत गेली ५० वर्षं या एका प्रश्नावर वाद चालू आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच भिडू प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण पंच होतो, त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. किल्ला, पहारेकरी, राक्षस, सगळं तो चालवतो. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, आपण काय करतोय ते भिडू सांगतात, आणि जिथे खात्री नसते तिथे फासे पडतात.

हा पंच आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे. बुद्धिबळात शत्रूची प्रत्येक सोंगटी तुम्हाला दिसते. खऱ्या लढाईत टेकडीमागची पलटण दिसत नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ प्रसिद्ध केला आणि त्यात ही अडचण सोडवली. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत, आणि शत्रूच्या नजरेत येईल तेव्हाच तुकडीचा ठोकळा नकाशावर ठेवला जाई. कोणाला काय दिसतंय ते फक्त पंचाला ठाऊक. पुढे १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ या प्रशियन सेनानीनं कोष्टकं आणि फासे बाजूला सारले. अनुभवी पंच सांगेल तेच खरं, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेत टॉटन या अधिकाऱ्याच्या ‘स्ट्रॅटेगॉस’ (१८८०) या पुस्तकातही पंच होता. १९६०च्या दशकात मिनेसोटातल्या डेव्हिड वेसलीनं ते वाचून आपल्या खेळात पंच आणला, आणि वेसलीच्याच टोळक्यातला डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्ससोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा जनक झाला. म्हणजे या खुर्चीच्या मुळाशीच लपवाछपवी आहे. पंचानं निकाल द्यायचा की कोष्टकानं, हा झगडाही तेव्हापासूनचाच.

१९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आलेल्या त्या खेळात योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच प्रकार होते. चोर नव्हता. चोरपावलांनी जायचं असेल तर कसं जाणार ते सांगायचं, पंचाला पटलं की झालं. जादूनं अदृश्य होण्याला मात्र नियम होता, आणि माझ्या मते तो अजूनही या सगळ्या नियमांत सर्वांत शहाणा आहे. मंत्र मोडेपर्यंत टिकतो, पण अदृश्य राहून वार करता येत नाही. ही अट गायगॅक्सच्याच १९७१च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळातून आली. अदृश्य माणूस ऐकू शकतो, चोरू शकतो, पळू शकतो. मारायला हात उचलला की दिसतो. प्लेटोच्या गोष्टीतला गायजीस हा मेंढपाळ अदृश्य करणारी अंगठी घालून राजाचा जीव घेतो आणि गादीवर बसतो. या खेळात त्याला ते जमलं नसतं. आपल्या ‘मिस्टर इंडिया’त लाल प्रकाशाची अट होती, ती उगाच नाही. अदृश्यतेला भोक ठेवलं नाही तर गोष्ट पहिल्या पानावरच संपते.

त्याच पुस्तिकांत अदृश्य होणारा एक जिनही होता. तो तिथे असणं मला फार साजेसं वाटतं, कारण अरबीत ज-न-न या धातूचा अर्थच मुळी झाकणं, दडवणं. पोटात दडलेला गर्भ तो जनीन, झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, अकलेवर पडदा पडला की जुनून. अमेरिकेतल्या एका छोट्या गावात नियम लिहिणाऱ्याला हे ठाऊक असो वा नसो, जिनाच्या नावातच त्याची करामत होती.

खरी गडबड १९७५ मध्ये झाली. कॅलिफोर्नियातल्या खेळाडूंकडून आलेली चोराची कल्पना ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत छापली गेली, आणि लपण्याला पहिल्यांदा टक्के मिळाले. नवख्या चोराला सावलीत लपण्याची संधी १० टक्के, आवाज न करता चालण्याची २०. म्हणजे ज्याचा धंदाच हा, तो दहापैकी नऊ वेळा पकडला जाणार! पण त्याहून मोठं नुकसान बाकीच्यांचं झालं. कालपर्यंत योद्धा म्हणत असे, “चिलखत काढतो, अनवाणी होतो, भिंतीला धरून जातो,” आणि पंच मान डोलवत असे. आता पंच पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणू लागला, “ते काम चोराचं.” एकाला हक्क लिहून दिला आणि बाकीच्यांचा न लिहिलेला हक्क गेला. जुने खेळाडू आजही सांगतात की पेटाऱ्यामागे कुणीही लपेल, चोराची खुबी नुसत्या सावलीत लपण्याची. मलाही ते पटतं. पण ते पुस्तकात ठसठशीत लिहिलेलं नव्हतं, आणि न लिहिलेली परवानगी टेबलावर सिद्ध कशी करणार?

टॉम मोल्डव्हेनं १९८१ मध्ये लिहिलेल्या प्राथमिक नियमांत एक बारीक गोष्ट आहे. आपली चाहूल लागली नाही असंच चोराला नेहमी वाटतं. खरं काय ते पंचाला ठाऊक. लपलेल्या माणसाची धाकधूक यात अचूक पकडली आहे.

२००० च्या आवृत्तीनं दार सर्वांना उघडलं. लपणं आणि दबकत चालणं ही कौशल्यं झाली, कुणीही शिकावीत. लपणाऱ्याच्या फाशाविरुद्ध बघणाऱ्याचा किंवा ऐकणाऱ्याचा फासा. अदृश्य असाल तर लपण्याच्या आकड्यात २० जादा, स्तब्ध असाल तर ४०. २००८ मध्ये दोन्ही कौशल्यं एकत्र केली गेली. २०१४ च्या आवृत्तीनं एक भेद नीट सांभाळला: अदृश्य म्हणजे लपलेला नव्हे. डोळ्यांना दिसत नसाल, पण पावलं वाजतात, धुळीत ठसे उमटतात.

आणि २०२४ मध्ये हा भेद पुसट झाला. आता आडोशाला, शत्रूच्या नजरेबाहेर असताना फाशावर १५ किंवा जास्त आले की तुम्ही ‘अदृश्य’ या अवस्थेत जाता. पिंपामागे बसलेला चोर आणि मंत्र पुटपुटलेला जादूगार, दोघांना नाव एकच. मग चोर पिंपामागून निघून उजेडात चालत आला तर? शत्रूला तो सापडला की अवस्था संपते, असं पुस्तक म्हणतं. पण समोरून चालत येणारा माणूस दिसणं म्हणजे सापडणं, की त्यासाठी पहारेकऱ्यानं वेगळा फासा टाकायचा? यावर हमरीतुमरी चालू आहे. पंचाचा भार हलका करायला नियम लिहिला, आणि निवाडा पुन्हा पंचाच्याच दारात आला.

माझे भाचे जमतात तेव्हा पंच मीच असतो. पुस्तक कुठलंही असो, लपण्याचा फासा मी वहीच्या आडोशाला टाकतो आणि निकाल सांगत नाही. “मामू, पण मी दिसलो का?” असं ते दर वेळी विचारतात. मी एवढंच सांगतो की पहारेकऱ्यानं मान वळवली आहे, आणि आता तुझी पाळी.