पिकअप गाडीचा कणा : बळ आणि टिकाव

मालमोटार विकत घेणारा मनुष्य तिचा रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि ती किती ओझें वाहील हें विचारतो. परंतु हें सर्व ज्याच्यावर उभें असतें, त्या सांगाड्याकडे तो क्वचितच वांकून पाहतो. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांस शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें जोडणारे आडवे दांडे, एवढेंच त्या सांगाड्याचें रूप. कारागीर त्यास चासी म्हणतात. बळ आणि टिकाऊपणा हे दोन निराळे गुण आहेत, हें या शिडीचा इतिहास मोठ्या स्पष्टपणें शिकवितो.

अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी गाडी 1908 सालीं बाजारांत आली. त्या काळीं तेथील खेड्यांतील रस्ते चिखलाचे व खाचखळग्यांचे असत. या गाडीचा सांगाडा हलका, पन्हळीच्या आकाराच्या पोलादी तुळयांचा होता. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं तो किंचित पिळे आणि पुन्हां सरळ होई. इंजिन तीनच ठिकाणीं टेकविलेलें असल्यामुळें त्या पिळाचा ताण त्यास फारसा पोंचत नसे. लवणें हीच त्या गाडीची ताकद होती.

लवकरच शेतकरी या गाडीचा मागील भाग काढून तेथें पेटी बसवूं लागले आणि तींतून शेतमाल नेऊं लागले. ही गरज ओळखून फोर्ड यांनीं 1917 सालीं मॉडेल टीटी हा एक टन ओझें वाहणारा सांगाडा काढला. त्याच्या तुळया अधिक मजबूत होत्या, आणि पुढील व मागील चाकांमधील अंतर 100 इंचांवरून 124 इंचांवर गेलें होतें. पुढें 15 एप्रिल 1925 रोजीं, कारखान्यांतच हौदा बसविलेली लहान गाडी 281 डॉलरांस विक्रीस निघाली. ‘पिकअप’ हें नांव तिच्याबरोबर रूढ झालें.

वेग वाढला, ओझें वाढलें, तसा पिळणारा सांगाडा अपुरा पडूं लागला. त्याचें कारण घरच्या घरीं पाहतां येतें. पुठ्ठ्याचा तुकडा पन्हळीसारखा दुमडून पिळावा. तो सहज पिळतो. तोच तुकडा चारी बाजूंनीं मिटवून, कडा चिकटवून पिळावा. मनगट दुखेल, पण नळी दाद देणार नाहीं. फोर्ड कंपनीनें 2004 च्या एफ-150 गाडीस सर्वस्वीं अशा बंद तुळयांचा सांगाडा दिला. टोयोटाच्या 2007 च्या टंड्रा गाडींत तुळया पुढें बंद व मागें उघड्या होत्या. 2022 च्या टंड्रांत मात्र त्या सर्वत्र बंद झाल्या. उलट, मोठ्या अवजड मालमोटारी आजही उघड्या तुळयाच वापरतात. तेथें थोडें लवणें उपयोगी पडतें, आणि तुळईची आंतली बाजू डोळ्यांस दिसते.

ही दिसण्याची गोष्ट क्षुल्लक नव्हे. बंद तुळईच्या पोटांत पाणी व चिखल सांचला, तर रंग तेथें नीट पोंचत नाहीं आणि नजर तर नाहींच. शिवाय थंड प्रदेशांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. हें खारट पाणी उघडी तुळई असो वा बंद, दोहोंसही खातें. टोयोटा कंपनीनें 2008 सालीं 1995 ते 2000 या सालांच्या टॅकोमा गाड्यांच्या गंजणाऱ्या सांगाड्यांसाठीं 15 वर्षांची हमी दिली आणि फार गंजलेल्या गाड्या परत विकत घेतल्या. नंतरच्या गाड्यांविषयीं अमेरिकेंत दावा झाला. 2016 सालीं झालेल्या तडजोडींत सुमारे 15 लाख गाड्या होत्या आणि खर्चाचा अंदाज 3.4 अब्ज डॉलरांपर्यंत होता. याच गाड्यांचीं इंजिनें दीर्घायुषी म्हणून नांवाजलेलीं होतीं! इंजिन धडधाकट आणि पायाखालची शिडी पोखरलेली, अशी स्थिति पुष्कळ मालकांच्या वांट्यास आली.

तात्पर्य, सांगाड्याचें बळ तुळईच्या घडणींत व पोलादाच्या जातींत असतें. त्याचें आयुष्य मात्र तिच्यावरील लेपांत, पाणी वाहून जाण्याच्या छिद्रांत आणि मालकाच्या दक्षतेंत असतें. पहिला गुण कारखान्यांत एकदां मिळतो, दुसरा दर पावसाळ्यानंतर पुन्हां मिळवावा लागतो. म्हणूनच जाणता गिऱ्हाईक जुनी गाडी घेतांना आधीं दिवा घेऊन तिच्या खालीं शिरतो, तुळईवर हातोडीनें हलकेच ठोकतो, आणि मगच किंमत विचारतो.