हे घेतले, म्हणून ते दाखवले

ऑनलाइन दुकाने ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ असे सांगून जो माल पुढे करतात, त्या शिफारशीचे मूळ ईमेलच्या ढिगाऱ्यात सापडते. १९९२ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ‘टॅपेस्ट्री’ ही यंत्रणा तयार झाली. सहकाऱ्यांनी संदेश वाचून त्यावर शेरे मारायचे आणि त्या शेऱ्यांवरून इतरांनी आपल्या कामाचे तेवढे निवडायचे, अशी तिची रीत होती. दोन वर्षांनी ‘ग्रुपलेन्स’ या यंत्रणेने हे काम यंत्राकडे दिले. ज्या वाचकांच्या आवडी आजवर जुळल्या त्यांच्या पुढेही जुळतील, असे तिने गृहीत धरले. एमआयटीत झालेल्या ‘रिंगो’ने संगीतासाठी तेच केले.

या सगळ्यांत माणूस आपली आवड स्वतः सांगत असे. दुकानाला तेवढे थांबणे परवडणारे नव्हते. ॲमेझॉन जुलै १९९५ मध्ये उघडले. सुरुवातीच्या वर्षांत तिथे पुस्तके निवडायला आणि त्यांवर लिहायला संपादक होते. हळूहळू त्यांची जागा मोजणीने घेतली. लाखो गिऱ्हाइकांत एकासारखा दुसरा शोधणे फार वेळखाऊ, म्हणून माणसांऐवजी वस्तूंची जुळणी करण्याची युक्ती निघाली. कंपनीने १९९८ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. २००३ साली ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी ती एका लेखात मांडली, तेव्हा ग्राहक दोन कोटी नव्वद लाखांवर गेले होते.

समजा, एकाने कॅमेरा, चपला आणि स्वयंपाकाचे पुस्तक घेतले. यंत्र या तिन्हींच्या जोड्या लावते आणि प्रत्येक जोडीपुढे जणू एक रेघ ओढते. सगळ्या ग्राहकांचे असे झाले की कोणत्या दोन वस्तू वरचेवर एकत्र जातात याचा तक्ता हाती येतो. तो आधीच तयार असल्याने पान उघडताच शिफारस दिसते. कॅमेरा कशासाठी असतो आणि चपला कशासाठी, हे मात्र त्या तक्त्यात कुठेच नसते. बऱ्याच विचित्र शिफारशींचे मूळ इथे आहे.

यातला एक दोष फार फसवा होता. भरपूर खरेदी करणारा माणूस कुठल्याही वस्तूच्या ग्राहकांत भेटतो आणि त्याच्या यादीत काहीही सापडते. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या वस्तूही जोडीने दिसू लागतात. स्मिथ आणि लिंडेन यांनी २०१७ साली मागच्या वीस वर्षांचा आढावा घेताना यावरचा उपायही सांगितला: निव्वळ योगायोगाने किती जोड्या पडतील ते आधी काढायचे आणि त्याहून जास्त भरतील तेवढ्याच खऱ्या धरायच्या.

मोजणी सुधारली तरी अर्थ कळत नाही तो नाहीच. एप्रिल २०१८ मध्ये एका ब्रिटिश लेखिकेची तक्रार ट्विटरवर गाजली. तिने गरज म्हणून कमोडचे एक सीट घेतले, तर दुकान तिला आणखी सीटेच दाखवत राहिले. सीट घेणारा आधी पाचदहा सीटे पाहतो, त्यामुळे खरेदीबरोबर पाहणेही मोजले तर तक्त्यात सीटाशेजारी सीटच बसते. एक बसवले की गरज संपली, ही साधी गोष्ट त्यात मावत नाही.

काही चुका मात्र जिव्हारी लागणाऱ्या होत्या. जानेवारी २००६ मध्ये वॉलमार्टच्या संकेतस्थळावर ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या वानरांच्या कथेशेजारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा माहितीपट सुचवला गेला. वर्णद्वेषाने कृष्णवर्णीयांना ज्या प्राण्याची उपमा दिली, तोच इथे शेजारी येऊन बसला. कंपनीने माफी मागून ती सोय बंद केली. डिसेंबर २०१८ मध्ये मृत बाळाला जन्म दिलेल्या एका अमेरिकी पत्रकार महिलेने तंत्रज्ञान कंपन्यांना खुले पत्र लिहिले. गरोदरपणाच्या वस्तूंच्या जाहिराती नकोत असे तिने कळवल्यावर बाळंतपण सुखरूप झाल्याचा अर्थ यंत्राने काढला आणि बाळाला पाजणाऱ्या आईसाठीच्या वस्तू तिच्यापुढे येऊ लागल्या.

ॲमेझॉनने आपल्या ग्राहकांना जुन्या खरेदीपुढे ‘ही शिफारशीसाठी धरू नका’ अशी खूण करण्याची सोय दिली आहे. दुसऱ्याला भेट म्हणून घेतलेली किंवा एकदाच लागणारी वस्तू अशी वगळता येते, पण ती खूण प्रत्येक वस्तूपुढे ग्राहकालाच करावी लागते.