आकाशनिरीक्षण, गोंदिया परिसरातील

ठळक तारे व ग्रह नुसत्या डोळ्यांनी ओळखून त्यांवरून वेळ व ऋतू ठरविण्याची परंपरा. गोंदिया तालुक्यातील कामठा हे पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील एका जमीनदारीचे गाव सु. २१·५° उत्तर अक्षांशावर आहे. येथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर दिसतो, तर अगस्त्य दक्षिणेस सु. १६° पर्यंतच चढतो.

या प्रदेशाचे मुख्य पीक भात असल्याने पावसाच्या आगमनास विशेष महत्त्व आहे. पंचांगातील पर्जन्यनक्षत्रे सूर्याच्या स्थानावरून ठरतात. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्या तेजात लोपते. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृग लागते, तेव्हा मृगाचे तारे दिसत नाहीत. मेच्या पूर्वार्धात ते सायंकाळी पश्चिमेस मावळताना दिसतात व पुढे दिसेनासे होतात. शिवाय संपातचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सु. ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. वराहमिहिराच्या काळापासून (सहावे शतक) हे अंतर सु. २० दिवसांचे झाले आहे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आडाखे प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

जिल्ह्याच्या देवरी व सालेकसा भागांत गोंडांची वस्ती आहे. गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास मयंक वाहिया व गणेश हळकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश व आंध्र प्रदेश या राज्यांतील सु. १५ गावांत केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गोंड लोक सप्तर्षींतील चार तारे ही खाट व उरलेले तीन तारे चोर मानतात. शुक्र सायंकाळी दिसतो तेव्हा तो जेवणवेळेचा तारा, तर सूर्योदयापूर्वी दिसतो तेव्हा पहाटेचा तारा होय. मृगातील ज्या तीन ताऱ्यांना संस्कृत परंपरा हरणाच्या शरीरात रुतलेला बाण मानते व मराठी बोलींत तिकांडे म्हणतात, ते गोंडांच्या दृष्टीने नांगराचा भाग आहेत. तारे तेच असले, तरी शिकारीची कथा सांगणारी आणि शेतीची कामे पाहणारी अशा दोन दृष्टी येथे स्पष्ट होतात.

ही नावे मुख्यतः मौखिक परंपरेने टिकली आहेत. विजेच्या प्रकाशातही हे ठळक तारे दिसत राहतील; परंतु ती नावे सांगणारी वृद्ध पिढी गेल्यास खाट व नांगर आकाशातून नाहीसे होतील. म्हणून गावोगावी त्यांची नोंद होणे अगत्याचे आहे.