जुनी जीप किती टिकेल? १९४८ ची एक खरेदी आणि नागपूरचा आजचा बाजार

१/ जुनी एसयूव्ही घेताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : ही गाडी आणखी किती वर्षे साथ देईल? हाच प्रश्न स्वतंत्र भारताच्या सरकारपुढे पहिल्याच युद्धात उभा राहिला होता. त्याचे उत्तर फार महागात पडले. मित्रहो, आजचा धागा त्या उत्तरापासून विदर्भाच्या रस्त्यांपर्यंतचा.

२/ दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. कारखाने दोन, पण आराखडा एकच. त्यामुळे एका जीपचा भाग दुसरीला सहज बसे. रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक धावती गाडी उभी करता येई. जीपच्या दीर्घायुष्याचे पहिले रहस्य हेच.

३/ युद्ध संपले आणि या गाड्यांचे ढीग जगभर शिल्लक राहिले. त्या दुरुस्त करून, रंग देऊन विकण्याचा मोठा व्यापार सुरू झाला. वापरलेल्या एसयूव्हीचा हा पहिला जागतिक बाजार म्हणता येईल. आणि बाजाराचा जुना नियम येथेही लागू होता : नवा रंग जुनी झीज झाकतो.

४/ १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू होती. डोंगराळ मुलखात सैन्याला वाहनांची निकड होती. ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची कार्यपद्धती बाजूला ठेवून, दुरुस्त केलेल्या सुमारे २,००० जीपगाड्यांचा करार एका विदेशी कंपनीशी केला. रक्कम सुमारे ८० लाख रुपये. त्यातील मोठा भाग आगाऊ दिला गेला.

५/ प्रत्यक्षात मद्रास बंदरात उतरल्या त्या केवळ १५५ गाड्या, आणि सैन्याने त्या निरुपयोगी ठरवल्या. संसदेत वादळ उठले. ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. मेनन पुढे १९५६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळात आले आणि १९५७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले.

६/ राजकारण क्षणभर दूर ठेवू. या व्यवहारातला मूळ दोष क्रमाचा होता. आधी पैसा गेला, मग गाडी दिसली. खरी तपासणी झाली ती माल बंदरात उतरल्यावर. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून जुने यंत्र घेतले की काय होते, याचा हा सरकारी दस्तऐवज आहे. आणि जीपची वाट पाहणारे सैनिक तेव्हा युद्धभूमीवर होते.

७/ त्याच काळात मुंबईत दुसरी वाट आकार घेत होती. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद कंपनीतील भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. पुढच्याच वर्षी माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि हळूहळू सुटे भाग देशातच बनू लागले.

८/ याचा परिणाम दूरगामी झाला. जीपचा भाग मिळणे आणि जीप खोलू शकणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडणे, या दोन गोष्टींनी गाडीचे आयुष्य वाढवले. गाडीचे आयुष्य कारखान्यात सुरू होते. ते वाढते मात्र गॅरेजात. २००० साली आलेली बोलेरो ग्रामीण भागात रुजली, ती याच परंपरेच्या बळावर.

९/ नागपूरकरांना दुसरे उदाहरण अधिक जवळचे : मारुती जिप्सी. १९८५ मध्ये आलेल्या या गाडीचे उत्पादन काही वर्षांपूर्वी थांबले. तरीही ताडोबा आणि पेंचच्या कच्च्या वाटांवर ती पर्यटकांना घेऊन धावताना दिसते. हलके वजन, साधे इंजिन आणि ती नेमकी कुठे दगा देते हे ठाऊक असलेले चालक, यांमुळे ती तगून आहे.

१०/ मात्र मीटरवरचे किलोमीटर अर्धेच सत्य सांगतात. मनसरच्या मँगनीज खाणींच्या किंवा उमरेडच्या कोळसा खाणींच्या परिसरात राबलेली गाडी कमी अंतर कापूनही अधिक झिजलेली असू शकते : धूळ, खड्डे, तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिन. हवामानाचेही तसेच. कोकणातल्या गाडीचा पत्रा गंजतो. नागपूरच्या उन्हाळ्यात रबरी नळ्या, रेडिएटर आणि बॅटरी यांची कसोटी लागते.

११/ कायद्याची दृष्टीही अशीच बदलत गेली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची ठरवली. पुढे तपासणी करून ५ वर्षांचे नूतनीकरण. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने योग्यता चाचणीला अधिक वजन दिले. म्हणजे नुसते वय पुरेसे नाही, गाडीची अवस्था पाहावी लागते.

१२/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुनी एसयूव्ही एखाद्या दस्तऐवजाप्रमाणे वाचावी. चासी क्रमांक आरसीशी जुळतो का? चासीवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का? थंड इंजिन सुरू केल्यावर निळा धूर, म्हणजे ऑइल जळते आहे का? चारही चाकांना जोर देणारा गिअर खरोखर पडतो का? सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी मेळ खातात का? मिस्त्री आपला असावा, विकणाऱ्याचा नव्हे.

१३/ साधन तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे इतिहासलेखनाचे पहिले सूत्र. १९४८ मध्ये ते पाळले असते, तर १५५ गाड्या मद्रासच्या धक्क्यावर निकामी ठरल्या नसत्या. नागपुरात जुनी गाडी घेतानाही क्रम तोच ठेवावा : आधी तपासणी, मग पैसा.