विजेची मोटार आणि विजेचा भाव

विजेवर चालणारी मोटार हे अगदी आपल्या काळातले नवल आहे, अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेच्या 1900 च्या गणनेत त्या देशात वर्षभरात तयार झालेल्या 4,192 मोटारींची नोंद आहे. त्यांपैकी 1,575 विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या अवघ्या 936, उरलेल्या वाफेच्या. तेव्हा बॅटरी भरण्यास खर्च किती येतो, हा प्रश्नही शंभर वर्षांहून जुना आहे.

त्याचे एक उत्तर शिकागो शहरात सापडले. एडिसनचे एकेकाळचे चिटणीस सॅम्युएल इन्सल यांनी 1892 मध्ये तेथील वीज कंपनीची सूत्रे हाती घेतली. त्यांची अडचण अशी होती की, वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. संध्याकाळी सर्वत्र दिवे लागतात, त्या दोन-चार तासांसाठी मोठी यंत्रे उभारावी लागतात आणि नंतर ती रिकामी पडून राहतात. शाळेची इमारत सहा तासच भरते, परंतु तिच्या कर्जाचे व्याज चोवीस तास चढते, तशातलाच हा प्रकार. म्हणून विजेची किंमत किती युनिटे घेतली एवढ्यावरच नव्हे, तर ती कोणत्या वेळी घेतली यावरही ठरते, हे तत्त्व पुढे आले. रात्री तबेल्यात उभी राहणारी विजेची मोटार हे अशा कंपन्यांना हवेसे गिऱ्हाईक वाटू लागले, आणि रात्रीच्या विजेसाठी सवलतीचे दर निघाले. हार्टफर्ड शहरातील वीज कंपनीने तर याहून पुढचे पाऊल टाकले. गाडी गिऱ्हाइकाची, बॅटरी कंपनीची. दरमहा ठरीव आकार आणि शिवाय धावलेल्या मैलांप्रमाणे पैसे. ही व्यवस्था 1924 पर्यंत चालली.

मग ही मोटार मागे का पडली? 1901 मध्ये टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे खनिज तेलाचे प्रचंड साठे लागले. 1908 मध्ये फोर्डची स्वस्त मोटार आली. 1912 मध्ये केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरमुळे हाताने दांडा फिरवण्याचे कष्ट संपले. शिवाय खेड्यापाड्यांत वीजच पोहोचली नव्हती. शहरातील रात्रीचा स्वस्त दर खेड्यातील शेतकऱ्याच्या काय कामाचा?

हा शेवटचा मुद्दा आजही जुना झालेला नाही. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, नैसर्गिक वायू कडाडला आणि त्याबरोबर युरोपातील वीजही महागली. ब्रिटनमध्ये त्या वर्षी घरगुती विजेवर 5 टक्के कर होता, तर रस्त्यावरील सार्वजनिक केंद्रात मोटार भरणाऱ्यास 20 टक्के द्यावा लागे. ज्याच्या दारी गाडी उभी करण्यास जागा, तो रात्रीच्या सवलतीचा धनी. ज्याला ती नाही, त्याला दरही चढा आणि करही चढा. वीज तीच, परंतु किंमत अंगणावरून ठरली.

आपल्या देशातही 2023 च्या नियमांनी वेळेनुसार दर आकारण्याचे धोरण स्वीकारले आहे. सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीत महाग. इन्सल यांच्या काळी स्वस्त वेळ रात्रीची होती. सौर विजेने ती दुपारवर आणली आहे. परंतु दुपारी मोटार घरी नसते. ती कचेरीच्या, कारखान्याच्या, शाळेच्या आवारात उभी असते. तेथे भरण्याची सोय नसेल, तर दरपत्रकातील सवलत कागदावरच राहील. आणि जुन्या वाड्यात वा तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड करून राहणाऱ्यास रात्रीही सोय नाही आणि दिवसाही नाही.

म्हणून मोटार घेताना विजेचा दर विचारावाच; पण आपली गाडी कोणत्या वेळी, कोणाच्या जागेत उभी असेल, हेही विचारावे. आणि नगरपालिकांनी व कचेऱ्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारावा. स्वस्त वीज निर्माण करणे हे अर्धेच काम आहे. ती बिनअंगणाच्या माणसाच्या हाती पोहोचवणे हे उरलेले अर्धे.