कार्नाकचे पाषाण आणि त्यांची नावे

ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावरील कार्नाक ह्या गावाच्या उत्तरेस उभ्या दगडांच्या ज्या रांगा पसरल्या आहेत, त्यांपैकी मधल्या समूहाला केरमारिओ असे नाव आहे. हे नाव ऐकताच प्रवाशाला त्याचा अर्थही सांगितला जातो : केरमारिओ म्हणजे ‘मृतांची नगरी’. एकोणिसाव्या शतकातील पुराणवस्तुप्रेमींनी हा अर्थ लोकप्रिय केला आणि तेव्हापासून तो पुस्तकातून पुस्तकात उतरत आला आहे. दगड प्राचीन, जागा ओसाड, समुद्राचा वारा. अशा ठिकाणी ह्याहून शोभणारा अर्थ दुसरा कोणता असणार? पण अर्थ शोभतो म्हणून तो खरा ठरत नाही. प्रागैतिहासिक स्मारके, जुनी चर्चे आणि मध्ययुगीन गढ्या एकमेकींच्या सावलीत उभ्या असलेल्या ह्या प्रदेशात नावाचा पुरावा कोणत्या मर्यादेपर्यंत ग्राह्य मानावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येण्यासारखा नाही.

प्रथम काळाचा हिशेब पाहावा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार कार्नाक परिसरातील काही रांगा इ. स. पू. ४६०० ते ४३०० ह्या दरम्यान उभ्या राहिल्या. ब्रेटन भाषा मात्र ह्या भूमीत फार उशिरा आली. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटन बेटाच्या नैर्ऋत्य भागातून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी ती आणली. वेल्श आणि कॉर्निश ह्या तिच्या सख्ख्या बहिणी होत. ह्या स्थलांतराच्या खुणा ग्रामनामांत अजून वाचता येतात. लॅटिन ‘प्लेब्स’पासून निघालेले आणि धर्मग्रामाचा अर्थ असलेले ‘प्लू’, पवित्र आवाराचे ‘लान’, वाडीचे ‘त्रे’ ही पूर्वपदे त्या जुन्या थरातील आहेत. ‘केर’ हे पूर्वपद प्रामुख्याने नंतरच्या मध्ययुगीन थरातले आहे. ब्रिटनीत ‘केर’ने सुरू होणारी नावे हजारोंनी मोजावी लागतील. वाडी किंवा घरटाण असा त्याचा अर्थ असून त्याच्यापुढे सामान्यतः व्यक्तीचे वा कुळाचे नाव येते. केरमारिओ हे असेच एका वाडीचे नाव आहे आणि दगडांना ते केवळ शेजारामुळे चिकटले आहे. ज्या भाषेचा दगडांशी परिचय होण्यास सुमारे पाच हजार वर्षांचा विलंब झाला, तिच्यातील एका मध्ययुगीन वाडीच्या नावात दगड उभारणाऱ्यांची स्मृती शोधणे, हा नावावर अन्याय आहे आणि दगडांवरही.

ह्याच प्रदेशाने जगाला पुरातत्त्वाचे दोन शब्द दिले, असे समजले जाते : ‘मेनहिर’ म्हणजे उभा दगड आणि ‘डोलमेन’ म्हणजे उभ्या दगडांवर आडवी शिळा ठेवून केलेली दफनखोली. ‘दिले’ हे क्रियापद येथे सैलपणाने वापरले जाते. घडले ते असे. ल तूर दोव्हेर्न्य हा कारे येथे १७४३ मध्ये जन्मलेला ब्रेटन सैनिक, भाषांच्या व्युत्पत्तीचा मोठा छांदिष्ट. गॉल लोकांच्या उत्पत्तीविषयीच्या आपल्या ग्रंथात, अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, त्याने ‘डोलमिन’ हा शब्द योजला. १८०० मध्ये तो रणांगणावर मारला गेला. तोवर लग्रां दोसी ह्या विद्वानाने असे शब्द पॅरिसच्या विद्वत्सभेत रूढ करण्यास प्रारंभ केला होता, आणि तेथून ते सर्व युरोपात गेले.

आता ह्या शब्दाची घडण पाहावी. ब्रेटनमध्ये ‘ताओल’ म्हणजे मेज आणि ‘माएन’ म्हणजे दगड. ‘ताओल’ हे नाम स्त्रीलिंगी आहे. ब्रेटनमध्ये, तिच्या भगिनीभाषांप्रमाणेच, शब्दाचे आद्य व्यंजन मागील शब्दामुळे बदलते. स्त्रीलिंगी नामाच्या आधी उपपद आले की ‘ताओल’चे ‘आन दाओल’ होते. आणि स्त्रीलिंगी नामाच्या मागोमाग येणाऱ्या ‘माएन’मधील ‘म’चा ‘व’ होतो. म्हणजे दगडी मेजाला नियमाने ‘ताओल-वाएन’ म्हणावयास हवे. ‘डोलमेन’मध्ये जेथे विकार व्हावयास नको तेथे तो झालेला आहे, आणि जेथे व्हावयास हवा तेथे झालेला नाही. उपपदासह ऐकलेला पहिला शब्द तसाच उचलावा आणि दुसरा कोशातून घेऊन त्याला जोडावा, तसा हा प्रकार दिसतो. व्याकरणाची ही एवढीशी चूक ऐतिहासिक पुरावा म्हणून मोलाची आहे, कारण हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडचा नसून टेबलापाशी बसलेल्या विद्वानाचा आहे हे तिच्यावरून कळते. ‘माएन’ आणि ‘हिर’, म्हणजे लांब, ह्यांचा ‘मेनहिर’ व्याकरणाला धरून आहे. तथापि त्या दगडाला ब्रेटनमध्ये ‘प्योलव्हान’, खांबदगड, असाही शब्द आहे आणि त्यात ‘म’चा विकार नियमाप्रमाणे झालेला आढळतो. तिसरा शब्द ‘क्रॉमलेक’ तर वेल्समधून आला. तेथे तो वाकलेल्या शिळेचा, म्हणजे डोलमेनचाच, वाचक होता. फ्रेंच पंडितांनी तो दगडांच्या वर्तुळाला लावला. एकच शब्द खाडीच्या दोन तीरांवर दोन भिन्न वास्तूंना लावला गेल्याने जुने ग्रंथ वाचताना आजही घोटाळा होतो.

ह्याच्या शेजारी लोकमारियाकेर येथील एक नाव ठेवून पाहावे. तेथे सुमारे वीस मीटर लांबीचा एक प्रचंड पाषाण चार तुकडे होऊन पडला आहे. त्याचे वजन सुमारे तीनशे टन असावे असा अंदाज केला जातो. फ्रेंचमध्ये त्याला ‘मोडका महामेनहिर’ म्हणतात. ते वर्णन झाले, नाव नव्हे. स्थानिक ब्रेटन नाव ‘मेन एर ह्रोएख’ असे आहे, म्हणजे म्हातारीचा, किंवा परीचा, दगड. मूळ शब्द ‘ग्रोआख’. त्यातील आद्य ‘ग’ व्हान प्रदेशाच्या बोलीत उपपद लागताच मृदू होऊन ‘ह’ झाला आहे, आणि उपपदही त्या बोलीतले ‘एर’ आहे. हे नाव बोलणाऱ्यांच्या ओठांवर घासून तयार झाले आहे. दगडाच्या मूळ हेतूविषयी ते काहीही सांगत नाही. परंतु मध्ययुगीन आणि अर्वाचीन शेतकरी त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत, हे मात्र ते विश्वासाने सांगते. नावाकडून एवढीच अपेक्षा करावी.

मूळ हेतूविषयी बोलावयाचे तर ते दगडांनीच बोलले पाहिजे, आणि क्वचित ते बोलतातही. लोकमारियाकेरच्या ‘ताब्ल दे मार्शां’ ह्या दफनखोलीच्या छताच्या शिळेवर एक कोरीवकाम मध्येच तुटलेले दिसते. तेथून सुमारे चार किलोमीटरांवर, आज बेट झालेल्या गाव्रिनी येथील दफनवास्तूच्या छतावर त्याच चित्राचा उरलेला भाग आहे. १९८० नंतरच्या दशकात शार्ल-तांगी ल रू ह्यांनी ही जोड सिद्ध केली. एके काळी उघड्यावर उभा असलेला एकच शिलास्तंभ मोडून त्याचे तुकडे नव्या वास्तूंत बसविले गेले होते. म्हणजे नवाश्मयुगातच एका पिढीने पूर्वीच्या पिढीचे स्मारक मोडून आपले उभारले. ड्रुइड पुरोहित, सर्पपूजा, राशिचक्र ह्यांविषयी झाक कांब्री ह्याच्यासारख्या लेखकांनी १८०५ च्या सुमारास जी कल्पनाजाळी विणली, त्या सर्वांपेक्षा ही एक जोड अधिक सांगून जाते. १८४७ मध्ये येथे येऊन गेलेल्या फ्लोबेरने त्या उपपत्तींची यथेच्छ थट्टा केली, ती अनाठायी नव्हती.

चर्चने ह्या दगडांचे काय केले, हा ह्या विषयातील सर्वांत रसाळ भाग होय. इ. स. ५६७ ची तूरची धर्मसभा आणि ७८९ चा शार्लमेनचा आदेश ह्या दोहोंत दगड, झाडे व झरे ह्यांच्या पूजेचा निषेध आहे. निषेध वारंवार करावा लागला ह्यावरूनच त्याचा परिणाम किती झाला हे समजते. शेवटी चर्चने तडजोड पत्करली. प्लमर-बोदूजवळील सेंट-उझेक येथील मेनहिरवर सतराव्या शतकात क्रूस आणि ख्रिस्ताच्या यातनांची साधने कोरली गेली. ल व्ह्यू-मार्शे येथे तर अठराव्या शतकाच्या आरंभी ‘सात संतांचे’ प्रार्थनामंदिर एका डोलमेनला पोटात घेऊनच बांधले गेले. एफेससच्या गुहेत शतकानुशतके झोपी गेलेल्या सात जणांची ही कथा कुराणाच्या अठराव्या अध्यायातही आहे. हा दुवा धरून लुई मासिन्यों ह्या अरबीच्या पंडिताने १९५४ मध्ये तेथील जुन्या यात्रेला ख्रिस्ती-मुस्लिम संयुक्त यात्रेचे रूप दिले. दफनखोली, गुहा आणि निद्रा ह्यांची ही सांगड कोणा एकाने योजिली नाही. ती जमत गेली.

कार्नाकच्या ग्रामचर्चचा अधिपती संत कॉर्नेली. सतराव्या शतकातील ह्या इमारतीच्या दर्शनी भागावर तो दोन बैलांच्या मध्ये उभा आहे. इतिहासातील कॉर्नेलिअस हा इ. स. २५१ ते २५३ मधला रोमचा पोप. त्याचा ब्रिटनीशी संबंध नाही. दंतकथा मात्र सांगते की, मूर्तिपूजक सैन्य पाठीस लागल्यावर तो समुद्रापर्यंत पळत आला आणि पुढे वाट नाही असे पाहून त्याने सैनिकांचे दगड केले. म्हणून रांगा सरळ आहेत. त्याचे ओझे बैलांनी वाहिले, म्हणून तो शिंगाळ्या जनावरांचा रक्षक झाला. पण बैलच का ? लॅटिनमध्ये शिंगाला ‘कॉर्नू’ म्हणतात आणि ब्रेटनमध्ये ‘कॉर्न’. संताच्या नावातच शिंग ऐकू आले असावे, हे अनुमान रास्त आहे. केरमारिओच्या बाबतीत ध्वनिसाम्याने विद्वान फसले. येथे ध्वनिसाम्यानेच एक दैवत, एक यात्रा आणि गुरांना आशीर्वाद देण्याचा विधी घडविला. पहिली व्युत्पत्ती खोटी म्हणून टाकून द्यावी. दुसरी खोटी असली तरी ती स्वतःच इतिहासाचे कारण झाली आहे. लोकव्युत्पत्तीच्या अभ्यासात हा भेद पुरेसा केला जात नाही.

गढ्यांची कथा त्या मानाने थोडक्यात सांगता येते, कारण त्यांच्यामागे कागदपत्रे आहेत. मॉर्बिआंच्या आखाताच्या दक्षिणेस समुद्राला लागून असलेली स्युसिनिओची गढी तेराव्या शतकापासून ब्रिटनीच्या ड्यूकांचे शिकारीचे निवासस्थान होती. पुढे ड्यूकपदावर आलेला आणि शतवार्षिक युद्धात फ्रान्सचा प्रमुख सेनापती ठरलेला आर्थर १३९३ मध्ये येथेच जन्मला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ती विकली गेली आणि खरेदी करणाऱ्याने तिचा दगडाच्या खाणीसारखा उपयोग केला. नवाश्मयुगातील लोकांनीही तेच केले होते; फक्त त्यांनी विक्रीखत केले नव्हते. तिच्या नावातही ‘येथे चिंता नव्हती’ असे फ्रेंच वाक्य वाचणारे रसिक होऊन गेले आहेत.

ही मोडतोड थांबविण्याचे श्रेय मुख्यत्वे प्रॉस्पेर मेरिमे ह्याला जाते. ‘कारमेन’चा कर्ता म्हणून तो अधिक प्रसिद्ध असला, तरी १८३४ मध्ये तो ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक झाला आणि १८३५ मध्ये त्याने पश्चिम फ्रान्सचा दौरा केला. गाव्रिनीची कोरीव शिल्पे त्याने तेव्हा पाहिली. १८४० च्या पहिल्या संरक्षित यादीत स्युसिनिओचा समावेश झाला. पुढे जेम्स मिल्न ह्या स्कॉटिश संशोधकाने आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या, कार्नाकच्याच झाशारी ल रूझिक ह्याने उत्खनने केली. पडलेले अनेक दगड पुन्हा उभे करण्यात आले आणि अशा दगडांच्या बुडाशी तांबूस सिमेंटची टिकली ठेवण्यात आली. ही टिकली पाहिल्यावाचून रांगांच्या सरळपणाविषयी कोणीही सिद्धांत मांडू नये.

ह्या नावाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. मुंबईच्या कर्नाक बंदराला ज्या घराण्याचे नाव मिळाले, त्याच रिव्हेट-कार्नाक घराण्यातील जे. एच. रिव्हेट-कार्नाक ह्या अधिकाऱ्याने नागपूरजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळांचे वर्णन १८७९ मध्ये प्रसिद्ध केले आणि तेथील दगडांवरील वाटीच्या आकाराच्या खळग्यांची तुलना युरोपातील तशाच खळग्यांशी केली. त्या काळी अशा साम्यांवरून दगड उभारणाऱ्या एकाच वंशाची कल्पना सहज केली जाई. विदर्भातील वर्तुळे लोहयुगातील, इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील आहेत, हे आता निश्चित आहे. त्यांत आणि कार्नाकमध्ये तीन हजार वर्षांहून अधिक अंतर आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये कार्नाक आणि मॉर्बिआं किनाऱ्यावरील महापाषाणांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. पायदळी तुडवून जमिनीची झीज होऊ नये म्हणून १९९० नंतर रांगांभोवती कुंपणे घातली गेलीच होती. ब्रेटन भाषेला असे कुंपण नाही. त्याच वर्षी जाहीर झालेल्या पाहणीनुसार तिचे भाषक सुमारे एक लाख सात हजार उरले असून त्यांत वृद्धांचा भरणा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जमीनमोजणीच्या नकाशांत शेताशेताची ब्रेटन नावे फ्रेंच कारकुनांनी कानाला लागतील तशी उतरून ठेवली आहेत. त्यांत दगडावरून पडलेली नावे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी अनेक शेतांत आज दगड नाही. कारकुनाने लिहिलेल्या अक्षरांमागे ‘माएन’ होता की दुसराच काही शब्द, ह्याचा निर्णय ते नाव त्या गावच्या बोलीत उच्चारणारा मनुष्य भेटला तरच होऊ शकतो.