अस्थींचा सातबारा

भूसंपादनाची धारिका हाती आली की मालकीचा रकाना आधी पाहायचा, ही माझी जुनी सवय. तो पाहताना मला ऑस्ट्रेलियाचे पुरातत्त्वज्ञ जॉन मल्व्हेनी (१९२५-२०१६) हमखास आठवतात.

वसाहतकारांनी त्या खंडाला ‘कोणाचीही नसलेली भूमी’ मानले होते. मल्व्हेनींनी १९६०च्या दशकात क्वीन्सलँडमधील केनिफ गुहेत उत्खनन केले. कार्बन-कालमापनाने आदिवासींचे तेथील वास्तव्य सुमारे १९,००० वर्षांपूर्वीचे ठरले. पुढे मुंगो सरोवराकाठच्या अस्थींनी हा काळ ४०,००० वर्षांपर्यंत नेला. कायद्यातील ती निर्मालक भूमी मात्र १९९२च्या माबो निकालापर्यंत टिकून होती.

१९९० साली काउ स्वॉम्प येथील हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे आदिवासींच्या स्वाधीन होऊ लागले, तेव्हा मल्व्हेनींनीच जाहीर विरोध केला. पुनर्दफनाने अभ्यासाचे साधन कायमचे जाईल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. तरीही मला त्यांची भूमिका पटत नाही. ज्यांची प्राचीनता त्यांनी सिद्ध केली, त्यांनाच पूर्वजांविषयीचा अंतिम शब्द कसा नाकारावा? मालकी मान्य करणे म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मान्य करणे. आम्हा प्रशासकांना पहिला भाग सोपा जातो. दुसऱ्यापाशी लेखणी अडते.